छापील किमतीचा गोलकीपर

आमचा पहिला गोलकीपर ज्या माणसाने पळवला, त्याच्यावरचा राग मी अजून सोडलेला नाही आणि सोडायचा विचारही नाही. लोक म्हणतात, जाऊ दे, शेवटी तुम्हीच जिंकलात ना? जिंकलो. म्हणूनच लिहितो आहे. हरलो असतो तर कुणाला पत्ता लागू दिला नसता.

हॉकी म्हणजे इथे बर्फावरची हॉकी. मी एका हॉकी क्लबचा मालक झालो हे कळल्यावर लंडनच्या वेम्बलीतले माझे मित्र बरेच दिवस समजत होते की आपले लोक ऑलिंपिकमध्ये खेळायचे तीच ही हॉकी. एकाने तर मला मुलासाठी स्टिक मागितली होती. मी त्याला रिंकवर नेलं. दोन आडदांड कॅनडियन एकमेकांना काचेवर आदळताना बघून परत येताना तो गाडीत म्हणाला, ‘शेठ, तू कँटीनच बघ.’

कँटीनमधूनच मी यात शिरलो. मी इचलकरंजीचा. वडिलांचं किराण्याचं छोटं दुकान होतं. इंग्लंडला आल्यावर आधी गोदामात खोकी उचलली, मग एका जुन्या व्हॅनमधून डबे पोचवले, मग एम-फोर मोटरवेच्या कडेने उभ्या राहिलेल्या ऑफिसांमधल्या कँटीनची कंत्राटं एकेक करून घेतली. पुण्या-नागपूरहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना वरणभात आणि गोऱ्यांना जॅकेट पोटॅटो म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, दोन्ही मीच विकत होतो. कुणी हात धरून शिकवलं नाही आणि कुणी उधार दिलं नाही. रीडिंगपासून अर्ध्या तासावरच्या एका छोट्या गावात एक बर्फाचा रिंक होता. त्याच्या कँटीनचंही काम माझ्याकडे आलं. चिप्स, हॉट डॉग, चहा आणि माझ्या हट्टाने समोसे. शनिवारी मॅच असली की बाकीच्या आठवड्याइतका धंदा त्या एका संध्याकाळी व्हायचा.

मग एका उन्हाळ्यात क्लब बंद पडायची वेळ आली. त्याआधीच्या लीगमध्ये श्रीमंत क्लब पगार वाढवत गेले, बाकीचे त्यांच्यामागे धावता धावता कोसळले आणि शेवटी लीगच बुडाली. नवी लीग निघाली होती, पण आमच्या गावच्या क्लबच्या जुन्या मालकांचा दम संपला होता. क्लब एक पौंडाला घ्या, म्हणाले. क्लब गेला तर माझे शनिवार जाणार होते. मी पौंडाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, ‘स्केटला धार लावायचं मशीन यात धरलंय ना?’ ते धरलेलं नव्हतं. त्यावर अर्धा तास वाद झाला. मशीन घेऊनच मी उठलो.

नव्या लीगमध्ये एक नियम होता. प्रत्येक क्लबने आठवड्याला सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून एका ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. त्याला वेज कॅप म्हणत. हजारो खुर्च्यांचा चकचकीत अरीना असो, की आमच्यासारखी पत्र्याच्या छपराखालची लाकडी बाकं असोत, रक्कम तीच. छोट्या गावांतले क्लब जगावेत म्हणून तो नियम होता, आणि मोठ्या शहरांतल्या क्लबांनी तो नाक मुरडत मान्य केला होता.

मला तो ऐकताक्षणी आवडला. इचलकरंजीच्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापलेली असायची. आमच्या समोर आमच्या चौपट मोठं दुकान होतं आणि त्याच्याकडेही तोच पुडा त्याच किमतीला. तरी गिऱ्हाईक आमच्याकडे यायचं, कारण वडील पहाटे दुकान उघडायचे, घरी माल पोचवायचे आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्यांना माहीत असायचं. भाव एकच असला की भावाचा प्रश्न मिटतो आणि बाकी सगळ्याची घासाघीस सुरू होते. त्या घासाघिशीत मला इथे कोणी हरवू शकणार नाही, अशी माझी खात्री होती.

पहिल्याच वर्षी हरवलं. आमचा गोलकीपर, हॉकीवाले त्याला गोली म्हणतात, त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला होता. कमी पगाराच्या टीमचा सगळा भार गोलीवर असतो. पुढे गोल करणारे महागडे खेळाडू नसतात, मागे एक माणूस जाळी अडवून उभा असतो आणि त्याच्या जिवावर तुम्ही दोन-एकने मॅच काढता. तर हा आमचा माणूस नाताळच्या सुटीनंतर परतलाच नाही. एका मोठ्या शहराच्या क्लबकडे गेला. त्या क्लबच्या मालकाला मी अरीनावाला म्हणतो, तेवढं पुरे. पगार कॅपमध्ये बसेल इतकाच दिला, आमच्यापेक्षा एक पेनीही जास्त नाही. मात्र गोलीच्या बायकोला अरीनावाल्याच्या कंपनीत नोकरी मिळाली. चांगल्या पगाराची. ती बाई त्या ऑफिसात कधी फिरकली नाही, हे लीगमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी तक्रार केली. मोटरवेच्या एका हॉटेलात मालकांची बैठक होती, सगळ्यांना मध्ये पडावी म्हणून ती तिथेच असायची. अध्यक्ष म्हणाले, कॅप खेळाडूंच्या पगारावर आहे, बायकोची नोकरी त्यात येत नाही. मी आवाज चढवला. कप हातात होता, तो खाली ठेवताना फुटला. आपटला असं ते म्हणतात. लीगने मला दंड केला, कपाचे पैसे वेगळे घेतले. बाहेर कॉरिडॉरमध्ये अरीनावाला माझ्याजवळ आला. उंच, शांत माणूस, कधी घाई नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘हा मोठ्या खिशांचा धंदा आहे, मित्रा. तू आपले समोसे विकावेस.’

मी त्याचा हात झटकला आणि काहीतरी बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मराठीत बोललो म्हणून पुन्हा दंड झाला नाही.

त्या सीझनमध्ये आम्ही तळाला गेलो. बाकं रिकामी पडू लागली. रिंकच्या मॅनेजरने सांगितलं की पुढच्या वर्षीही असंच चाललं, तर शनिवारची वेळ तो डिस्कोच्या स्केटिंगला देईल. म्हणजे माझ्या हाती एक सीझन होता आणि मला एक चांगला गोली हवा होता. नुसता मिळून भागणार नव्हतं. जानेवारीत अरीनावाला खिसा उघडून उभा राहील, तेव्हाही तो माझ्याकडेच टिकायला हवा होता.

फ्लॅट, गाडी, विमानाचं तिकीट सगळेच क्लब द्यायचे. त्यात मी अरीनावाल्यापुढे उभाही राहू शकत नव्हतो. लंडनच्या कडेला पिनरला आमचं घर, तिथे मी रोज याच्यावरून चिडचिड करायचो. माझी बायको लग्नाआधी सांगलीला गणित शिकवायची. ती भाजी निवडता निवडता ऐकत असे. एका रविवारी तिने सुरी खाली ठेवली.

‘अहो, हे तुमचे रीडिंगचे सॉफ्टवेअरवाले घर कुठे घेतात?’

‘कुठे घेतात म्हणजे?’

‘ऑफिसजवळ घेतात का? नाही ना? शाळा बघून घेतात. आणि मुलाची शाळा सुरू झाली की दुसऱ्या कंपनीने दुप्पट दिले तरी जुलैत वर्ष संपेपर्यंत हलत नाहीत. तुम्हीच सांगता ना, कंत्राटं तुटतात पण पोरं जात नाहीत म्हणून.’

‘त्याचं इथे काय? माझा गोली पोरसवदा असणार, त्याला कुठली मुलं?’

‘मग त्यालाच शाळेत घाला,’ ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही, कारण हे मला सुचायला हवं होतं. हॉकीचा सीझन सप्टेंबरात सुरू होतो. इथली एमबीए एका वर्षाची, तीही त्याच सुमाराला सुरू होते. फ्लॅट आणि गाडी देणारा माणूस जानेवारीत दुसरा फ्लॅट आणि दुसरी गाडी देऊ शकतो. पण अर्धी झालेली डिग्री उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. आणि बायकोची नोकरी पगारात धरायची नसेल, तर खेळाडूची फी कशाला धरायची? अरीनावाल्याने माझ्यावर जो नियम उलटवला होता, तोच मी आता वापरणार होतो.

आमच्या गावातून बसने जाता येईल असं एक विद्यापीठ होतं. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या बाईंकडे मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी कँटीनच्या कंत्राटासाठी आलोय. मी सांगितलं, फीमध्ये सूट द्या. बदल्यात आमच्या जर्सीवर तुमचं नाव, तुमच्या विद्यार्थ्यांना मॅच फुकट, आणि सोमवारी सकाळी रिंक रिकामा असतो, तेव्हा तुमच्या मुलांना स्केटिंग. सोमवार सकाळ मी रिंकच्या मॅनेजरकडून आधीच काढून घेतली होती, त्याच्या स्टाफला फुकट नाश्ता कबूल करून. बाई अर्ध्या फीवर आल्या. मी कोट घालून दारापर्यंत गेलो. त्यांनी परत बोलावलं. शेवटी एक जागा पूर्ण फीमाफीने मिळाली. प्रवेश मात्र त्यांच्या नियमाने, म्हणजे मुलाला पहिली पदवी आणि बरे मार्क हवेत.

इथे मी आणि आमचा कोच भांडलो. कोच स्कॉटलंडचा, स्वतः पंधरा वर्षं खेळलेला, मोजकं बोलणारा. त्याने तीन गोली निवडून त्यांच्या मॅचच्या टेप मागवल्या होत्या. मी टेप बाजूला ठेवल्या आणि तिघांच्याही मार्कशीट मागवल्या. कोणताही मराठी बाप जावई बघताना जे करतो तेच मी केलं. त्यात काही वेगळं आहे हे कोचचं तोंड बघेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

‘बॉस, हा पहिला माणूस आपल्याला दहा मॅच एकट्याने जिंकून देईल,’ कोच म्हणाला.

‘तो स्टॅटिस्टिक्समध्ये नापास झालाय.’

‘त्याला पक अडवायचाय.’ पक म्हणजे या हॉकीतली रबराची चकती, चेंडूऐवजी.

‘डिसेंबरात तो परीक्षेत नापास होईल, विद्यापीठ त्याला काढेल आणि जानेवारीत तो अरीनावाल्याकडे जाईल. मग तू अडव पक.’

कोचने टेप गोळा करून पिशवीत घातल्या. मग म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा त्याने गोलीची निवड निकालपत्रावरून होताना पाहिली आहे आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. तिसऱ्या पोराला सगळ्या विषयांत उत्तम मार्क होते. टेपमध्ये तो बरा होता, फार नव्हे. मी तोच घेतला.

घेतला म्हणजे घ्यायचं ठरवलं. त्याला अरीनावाल्याचंही बोलावणं आलेलं होतं, तिथे दुसऱ्या नंबरचा गोली म्हणून. मुलगा कॅनडाच्या गव्हाच्या मुलखातला. त्याच्या घरी फोन केला तर त्याने माझं जेमतेम ऐकून घेतलं आणि फोन आईकडे दिला. मला लगेच बरं वाटलं. मुलं नक्की काय हवंय ते सांगू शकत नाहीत. आया सांगतात.

तिने अरीनाबद्दल काही विचारलं नाही. पगार दोन्हीकडे सारखा आहे, तेवढं तिला माहीत होतं. म्हणाली, ‘मला एक सांगा. हॉकी संपल्यावर काय?’

मी रीडिंगच्या किती तरी घरांत हा प्रश्न ऐकला होता, क्रिकेट खेळणाऱ्या, तबला वाजवणाऱ्या, नाटकात जाऊ पाहणाऱ्या मुलांना विचारलेला. मी म्हणालो, ‘बाई, एक वर्षाने तुमच्या मुलाकडे एमबीए असेल. गुडघा मोडला तरी एमबीए मोडत नाही.’

‘तो अभ्यास करतोय की नाही हे कोण बघणार?’

‘माझी बायको गणिताची शिक्षिका आहे.’

 मग तिने विचारलं, ‘कडक आहे?’

‘मी घाबरतो तिला.’

मागून मुलाचा आवाज आला, काहीतरी विरोध करत होता. आईने त्याला गप्प केलं आणि मला सांगितलं की तो येईल.

सप्टेंबर, ऑक्टोबर वाईट गेले. गोली पाच-पाच, सहा-सहा गोल खात होता. मोठ्या लीगचा वेग त्याला झेपत नव्हता. कोच दर मॅचनंतर कँटीनमध्ये येऊन माझ्यासमोर चहा पीत बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. प्रेक्षकांतला एक जण ओरडला, ‘त्याला सांगा, तो लायब्ररीत नाहीये!’ सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. वेम्बलीत बातमी पोचली होतीच. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत एकाने विचारलं, ‘शेठ, पुढच्या वर्षी मेरिट लिस्टवाला आणणार ना?’

माझी बायको मंगळवारी आणि गुरुवारी व्हॅनमधून रिंकवर यायची. प्रॅक्टिसच्या आधी कँटीनच्या कोपऱ्यात ती आणि गोली बसायचे. त्याला स्टॅटिस्टिक्स अवघड जात नव्हतं, पण तिला त्याच्या हॉकीची काळजी वाटू लागली होती. तिने त्याला सांगितलं, तुझ्यावर येणारे शॉट तू मोजून का बघत नाहीस? कुठून येतात, कुठे लागतात? मग त्याच्या अभ्यासाच्या एका पेपरसाठी त्याने तेच केलं. दोन महिन्यांचे शॉट कागदावर मांडले. त्यातून दिसलं की डाव्या बाजूने येणाऱ्या खेळाडूला तो फार पुढे येऊन भेटतो आणि मागची जागा उघडी पडते. कोचला हे माहीत होतं आणि तो ओरडून ओरडून थकला होता. पण पोराला ते आकड्यांतच दिसलं. नोव्हेंबरात तो जाळीत मागे उभा राहू लागला. डिसेंबरात आम्ही सलग मॅच जिंकलो. कोच एके दिवशी चहाचा कप घेऊन माझ्याऐवजी माझ्या बायकोसमोर जाऊन बसला.

आणि जानेवारीत अरीनावाला आलाच. मी त्याची वाटच बघत होतो. त्याने पोराला शहरात जेवायला नेलं. पोराने दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. नवी गाडी, नदीकाठचा फ्लॅट, बापासाठी शेतीच्या अवजारांच्या कंपनीची एजन्सी. ही शेवटची ऑफर मात्र खरंच चांगली होती. मी असतो तर घेतली असती.

‘मग?’ मी विचारलं. कँटीनचं काउंटर मी पुसत राहिलो.

‘मी त्याला विचारलं, माझ्या डिग्रीचं काय,’ पोरगा म्हणाला. ‘तो म्हणाला, आमच्या शहरातही विद्यापीठ आहे. मी सांगितलं, एक टर्म झालीय, डिसर्टेशनला गाइड मिळालाय, तिकडे पहिल्यापासून सुरू करावं लागेल. आणि आईला सांगावं लागेल.’ मग म्हणाला, ‘आईला कोण सांगणार?’

मी त्याला समोसा दिला. मग मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि एकटाच मोठ्याने हसलो.

पण अरीनावाला हार मानणारा नव्हता. आठवड्याभरात त्याने लीगकडे तक्रार केली. डिग्री म्हणजे पगारच आहे, तिची किंमत धरली तर आम्ही कॅपच्या वर जातो, तेव्हा त्या खेळाडूचा करार रद्द करून त्याला मोकळं करा. मोकळा झाल्यावर तो कुठे जाईल हे सांगायची गरज नव्हती. बैठक पुन्हा त्याच हॉटेलात. निघताना बायकोने मला दारात अडवलं आणि म्हणाली, ‘अहो, कप हातात घेऊ नका.’

मी चहा घेतला नाही. अरीनावाल्याने वकील आणला होता. वकिलाने पाऊण तास डिग्रीची किंमत समजावली, परदेशी विद्यार्थ्याची फी किती, तिचा आठवड्याला भाग किती. मी एकदाही मध्ये बोललो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, हा कधी उसळतो म्हणून. अध्यक्षांनी विचारलं, तुमचं काय म्हणणं?

‘मान्य,’ मी म्हणालो. ‘डिग्री पगारात धरा.’

वकिलाने कागद आवरायला घेतले.

‘पगाराखेरीज खेळाडूला आणि त्याच्या घरच्यांना जे जे मिळतं ते सगळं आजच पगारात धरू. माझ्यापासून सुरुवात करा. मग टेबलाच्या कडेने जाऊ.’

एवढं बोलून मी गप्प बसलो. आपला भाव सांगितल्यावर गप्प बसायचं असतं, हे मी वडिलांच्या गल्ल्यामागे उभा राहून शिकलो. आधी जो बोलतो तो खाली येतो. त्या खोलीत आता कुणालाच बोलायचं नव्हतं. एका मालकाच्या मेव्हण्याची गाड्यांची शोरूम होती. एकाचे खेळाडू त्याच्या आईच्या घरांत राहायचे आणि ती भाडं घ्यायची, म्हणजे घ्यायची नाही. एक जण चहात साखर ढवळत राहिला, साखर न घालता. अरीनावाला खिडकीतून मोटरवेकडे बघत होता.

शेवटी उत्तरेकडच्या एका छोट्या क्लबचा मालक खाकरला आणि म्हणाला, शिक्षण हे शिक्षणच राहू द्यावं, उगाच सगळं उकरण्यात अर्थ नाही. माना भराभर हलल्या. अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाले, ठीक आहे, फी पगारात धरायची नाही, पण एक अट. खेळाडू खरोखर शिकत असला पाहिजे. विद्यापीठाने तशी हजेरी कळवली पाहिजे.

दुसरा कोणी असता तर इथे आभार मानून उठला असता. मी म्हणालो, ‘उत्तम. हीच अट नोकरीलाही लावा. खेळाडूच्या घरच्या कोणाला नोकरी दिली असेल, तर ती व्यक्ती खरोखर कामावर जात असली पाहिजे.’

अरीनावाला पहिल्यांदा माझ्याकडे वळला. आता नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागणार होतं. त्याच्या वकिलाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. हात वर करून मत घेतलं. विरोधात एकही हात नव्हता, त्याचाही नाही. मी त्याच्या हाताकडे बघतच होतो.

फेब्रुवारीपासून माझ्या जुन्या गोलीच्या बायकोला रोज सकाळी आठला त्या कंपनीच्या हिशेब खात्यात हजर राहावं लागलं, असं मला कळलं. महिनाभर गेली. मग दोघं कॅनडाला परत गेली. अरीनावाल्याला सीझनच्या ऐन मध्यावर नवा गोली शोधायची वेळ आली. चांगले गोली त्या सुमाराला बाजारात नसतात. मला दुःख झालं असं मी म्हणणार नाही.

मार्चमध्ये ते आमच्याकडे खेळायला आले. बाकं भरली होती, मागे लोक उभे होते. रीडिंगहून आमचे सॉफ्टवेअरवाले दोन मिनीबस भरून आले होते. त्यांना अर्धे नियम कळत नव्हते, पण कोणाला शिव्या द्यायच्या ते कळत होतं. पहिल्या सत्रात आम्ही एक गोल केला, दुसऱ्यात त्यांनी बरोबरी केली. तिसऱ्यात आमच्या कप्तानाने ढोपरावर पडून पक कसाबसा आत ढकलला. उरलेला वेळ त्यांनी रिंकच्या आमच्या अर्ध्या भागातून पाय काढला नाही. डावीकडून त्यांचा सगळ्यांत महागडा खेळाडू मोकळा सुटला. कोचने डोळे मिटले होते, मी बघितलं. पोरगा पुढे आला नाही. मागे उभा राहिला, वाट बघितली, आणि पक त्याच्या छातीवर आदळून खाली पडला. त्याने तो झाकला. पत्र्याचं छप्पर वाजत होतं. दोन-एक.

कोचने मला मिठी मारली. तो स्कॉटिश आहे, त्यानंतर त्याने पुन्हा तसं केलेलं नाही. अरीनावाला हस्तांदोलनाला थांबला नाही. मी कार पार्कपर्यंत गेलो होतो हात पुढे करायला, अगदी सभ्यपणे. गाडीचे मागचे दिवे तेवढे दिसले. याचाही राग मी वेगळा ठेवला आहे.

पुढच्या सीझनचे शनिवार रिंकच्या मॅनेजरने स्वतः येऊन दिले. मी भाड्यात थोडी सूट मागितली. मिळाली.

पोरगा पास झाला. पदवीदानाला त्याची आई आली, पहिल्यांदाच परदेशात. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, कोटावर एक पिन लावलेली. समारंभात ती रडली नाही, मुलाचं नाव पुकारल्यावर फक्त एकदा मान हलवली, ठरल्याप्रमाणे माल आला अशी. नंतर आम्ही सगळे पिनरला घरी जेवायला आलो. माझी बायको आणि ती दहा मिनिटांत अशा बोलू लागल्या की मी आणि पोरगा पाहुणे वाटू लागलो.

पानं वाढल्यावर ती माझ्याकडे वळली. ‘माझा धाकटा,’ ती म्हणाली. ‘बचावात खेळतो. थोरल्यापेक्षा दांडगा आहे.’

मी म्हणालो की या वर्षी जागा मिळणं कठीण आहे, आता बाकीचे क्लबही विद्यापीठांकडे धावू लागलेत. हे खरंही होतं.

‘म्हणूनच मी आजच विचारतेय,’ ती म्हणाली. तिला पूर्ण फीमाफी हवी होती, नाताळला घरी जायचं तिकीट हवं होतं, आणि दोघं भाऊ एकाच फ्लॅटमध्ये हवे होते. मी सांगितलं, तिकीट अर्धं. ती म्हणाली, मग थोरलाही इथे राहीलच असं नाही, त्याला पीएचडीसाठी उत्तरेकडच्या क्लबने विचारलंय. मी बायकोकडे बघितलं. ती भाताकडे बघत होती. मी म्हणालो, पगार मात्र कॅपमुळे जितका आहे तितकाच राहील. ती म्हणाली, पगाराचं मी काही बोललेच नाही. मी तिकीट जायचं देतो म्हणालो, यायचं तिने द्यावं. तिने काटा खाली ठेवला आणि काही न बोलता माझ्याकडे बघत बसली.

मी पुष्कळ वेळ तग धरला. पोरगा ताटात मान घालून बसला होता. त्याने हे आयुष्यभर बघितलेलं असणार.

‘बरं, दोन्ही बाजूंचं,’ मी म्हणालो.

तिने हात पुढे केला. घट्ट हात होता, कामाचा. आमच्या पुढच्या सीझनचा बचाव तयार झाला होता, आणि तो मला ठरवलं होतं त्यापेक्षा बराच महाग पडला होता. बायकोने तिच्या पानात आणखी भात वाढला, माझ्या नाही.